डॉक्टरांची गाडी

महाराष्ट्रात आजवर जेवढ्या जुन्या मोटारी 'डॉक्टरांची गाडी' म्हणून विकल्या गेल्या, तेवढे डॉक्टर महाराष्ट्रात झालेच नाहीत, असा माझा दाट संशय आहे. धन्वंतरीपासून मोजायला सुरुवात केली आणि त्यात दातांचे डॉक्टर, गुरांचे डॉक्टर आणि मराठीत पीएच.डी. केलेले डॉक्टर धरले, तरी आकडा जुळायचा नाही. डॉक्टर संपले की बँक मॅनेजरांची गाडी सुरू होते. मग 'बाईंनी चालवलेली', मग 'फक्त रविवारी देवदर्शनाला काढलेली', आणि शेवटी 'मुलगा अमेरिकेला गेला म्हणून नाइलाजाने काढायची आहे' अशी. रस्त्यावर दिवसभर जी वाहने खड्डे खात, धूर ओकत आणि रिक्षांना घासत चाललेली दिसतात, ती कोणाची असतात देव जाणे. विकायला निघालेली गाडी मात्र नेहमी सोवळ्यात ठेवलेली असते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की गाडी कोणाची होती हा गाडीचा इतिहास नव्हे. माणसाचा सज्जनपणा त्याच्या इंजिनात उतरत नाही. पण आपण मध्यमवर्गीय मंडळी गाडी बघायला म्हणून जातो आणि माणूस बघून परत येतो. माणूस चांगला निघाला की गाडीबद्दल विचारायची आपल्याला भीड वाटते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या आज्या सांगून गेल्या. या बहिणीची आणि माझी गाठ २०२१ साली पडली, आणि त्या भेटीचे मला २,८५,००० रुपये मोजावे लागले. तेव्हा आज मी जे भांडणार आहे ते फुकटचे भांडण नाही. त्याची पावती माझ्याकडे आहे.

त्या वर्षी जानेवारीत आम्ही गाडी घ्यायचे ठरवले. करोनामुळे सौ. एस.टी.त बसायला तयार नव्हती, रिक्षात बसायला तयार नव्हती, आणि माझ्या स्कूटरवर बसायला तर ती १९९४ पासूनच तयार नव्हती. नवी गाडी खिशाला झेपणारी नव्हती. ही बातमी आमच्या मेहुण्यांच्या कानावर गेली. प्रत्येक घरात एक मेहुणे असे असतात, की तुम्हाला काहीही हवे असो, सून, सिमेंट किंवा शवपेटी, त्यांच्या ओळखीचा माणूस निघतोच.

"सांगलीला आपले डॉक्टर आहेत," मेहुणे म्हणाले. "गाडी काढतायत. सोळा सालची. रनिंग विचाराल तर अकरा हजार."

"पाच वर्षांत फक्त अकरा हजार?"

"अहो, डॉक्टर! घराखालीच दवाखाना. जिना उतरला की काम सुरू. फिरणार कुठं?"

हे मला पटले. जो माणूस जिना उतरून कामाला जातो त्याने गाडी घेतलीच कशाला, हा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलालाही सुचला असता. मला तो सहा महिन्यांनी सुचला.

आम्ही सांगलीला गेलो. डॉक्टर खरोखरच डॉक्टर होते, हे आधीच सांगून टाकतो. भिंतीवर सर्टिफिकेट होते. घर नीटनेटके होते. डॉक्टरीणबाईंनी पोहे केले, वर ओले खोबरे घातले, आणि येताना बरोबर भडंग बांधून दिले. आता, ज्या घरचे पोहे खाल्ले त्या घरच्या गाडीचे सर्व्हिस रेकॉर्ड मागायचे नाही, हा आपल्याकडचा अलिखित कायदा आहे. तो मी पाळला. तासभर आम्ही हळदीचा भाव, त्यांच्या मुलाचे इंजिनिअरिंग आणि माझे गुडघे या विषयांवर बोललो. गाडीविषयी मी एकूण तीन प्रश्न विचारले. ॲव्हरेज किती देते? ए.सी. चालतो ना? आणि रंग कंपनीचाच ना? तिसऱ्या प्रश्नाला मेहुण्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू डॉक्टरीणबाईंचे वय विचारले आहे. मी घाईघाईने म्हणालो, "आपलं सहज विचारलं हो!"

डॉक्टर मात्र स्वतःहून एक वाक्य बोलले होते. किल्ली फिरवून म्हणाले, "मीटर अगदी नवंच आहे बघा." मी वाकून मीटर पाहिले. अकरा हजार. "वा! छान!" मी म्हणालो.

विम्याचा कागदही त्यांनी दाखवला होता. त्यात 'नो क्लेम बोनस' या रकान्यात शून्य होते. मला वाटले, शून्य म्हणजे काही झालेले नाही. डोक्यात तेवढाच प्रकाश होता. खरे तर विम्याचा दावा न करता सलग चार वर्षे काढली की त्या रकान्यात ४५ टक्के लागतात, आणि शून्य लागते ते अलीकडेच दावा केला असेल तर. म्हणजे जे शून्य ओरडून सांगत होते की बाबा, माझे काहीतरी विचार, त्याच्यावर बोट ठेवून मी म्हटले, "हे एक बरं आहे!"

डॉक्टरांनी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर तारीख न घालता सह्या करून दिल्या. मेहुण्यांनी ते फॉर्म आपल्या पिशवीत ठेवले. ती पिशवी पुढे तीन महिने आर.टी.ओ.च्या दिशेने गेली नाही. पण ते पुढे.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गाडीच्या अंगात आले. उजवीकडचा सिग्नल दिला की वायपर एकदा हात हलवून जाई. मागची काच मध्यरात्री आपली आपण खाली येई. आतून एक वास यायला लागला. आजोळी माळ्यावर जुनी घोंगडी असत, तसा. सौ.ने डिक्कीत कापूर ठेवला. वास कापराला पुरून उरला. शेवटी गाडी आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली.

त्याने बॉनेट उघडले नाही, की इंजिन सुरू केले नाही. पुढचे दार उघडले, सीटचा पट्टा धरला आणि तो ओढत, ओढत, ओढत पार शेवटापर्यंत बाहेर काढला. शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रेघ होती, वाळलेल्या चिखलाची.

"काका, गाडी पोहून आलीय," तो म्हणाला. "पट्टा सगळे धुतात. पण शेवटपर्यंत ओढून कोण धुवत नाही."

मग त्याने सीटखालचे गंजलेले रूळ दाखवले. मॅट उचलून खालची बारीक, मऊ, सुंदर गाळाची माती दाखवली. त्या मातीत वांगी उत्तम आली असती. आणि मग गिअरच्या मागे, अगदी खालच्या अंगाला असलेली एक डबी दाखवली. "ही एअरबॅगची. हिच्या पिना हिरव्या पडल्यात. ठोकर बसली तर उघडेल, नाही तर नाही. देवाची मर्जी." इथे मात्र माझे हसणे थांबले. कारण दरम्यान दोन वेळा मी त्या गाडीतून सौ.ला आणि नातीला घेऊन खंबाटकीचा घाट चढलो-उतरलो होतो.

गाडीचा नंबर एम.एच. १० ने सुरू होत होता. एम.एच. १० म्हणजे सांगली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. मी ती दृश्ये टी.व्ही.वर पाहिली होती. आमच्या सोसायटीने पूरग्रस्तांसाठी बिस्किटांचे पुडे आणि चादरी पाठवल्या, त्यांची यादी माझ्याच हस्ताक्षरात आहे. असा मी, दीड वर्षाने, त्याच सांगलीत, पुराच्या आधीची गाडी विकत घ्यायला जातो आणि 'ही पाण्यात गेली होती का हो?' एवढे विचारत नाही!

डॉक्टरांना फोन केला. मी भांडायच्या तयारीत होतो. पण डॉक्टर शांतपणे म्हणाले, "म्हणजे काय! डॅशबोर्डपर्यंत पाणी होतं. चार दिवस. विम्यातून सगळं काम करून घेतलं. मीटरसुद्धा नवं बसवलं. तुम्हाला बोललो की मी! जुन्यावर शेहेचाळीस हजार झाले होते. आसपासच्या गावांत व्हिजिटला जातो ना मी. किंमत त्या हिशेबानंच सांगितली होती. तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हटलं मेहुण्यांनी कल्पना दिली असेल."

मेहुण्यांना फोन केला. ते म्हणाले, "मला वाटलं डॉक्टर बोलतील. आणि मला तरी कुठं नक्की माहीत होतं? असं कसं विचारायचं माणसाला, बुडाला होतात का म्हणून!"

थोडक्यात, कोणीही खोटे बोलले नव्हते. डॉक्टरांना वाटले मेहुण्यांनी सांगितले, मेहुण्यांना वाटले डॉक्टर सांगतील, आणि मला वाटले विचारणे बरे दिसत नाही. तीन सभ्य माणसांनी मिळून एक बुडालेली गाडी घाटावर आणली. चोराने फसवले असते तर पोलिसांत तरी जाता आले असते. सभ्यपणावर फिर्याद कुठे करायची?

आता भांडणाला सुरुवात करतो.

पहिला आक्षेप नेहमीचा. 'अहो, विश्वासावर जग चालतं.' चालते ना! आमचा सोनार तीन पिढ्यांचा आहे. तरी तो सोने आपल्यासमोर काट्यावर ठेवतो आणि काटा आपल्याकडे वळवतो. त्याने कधी म्हटले नाही, की तीन पिढ्यांची ओळख असून वजन बघता? मंडईत आमची सौ. भेंडीचे टोक मोडून बघते. चाळीस रुपयांचा नारळ आपण कानाशी नेऊन हलवतो, आणि नारळवाला स्वतः दुसरा नारळ पुढे करून म्हणतो, हा बघा. तिथे कोणाचा अपमान होत नाही. तीन लाखांची गाडी हलवून बघायची म्हटली की मात्र आपल्याला घाम फुटतो. ज्याला भेंडी मोडायची लाज नाही त्याला जॉबकार्ड मागायची लाज का वाटावी?

दुसरा आक्षेप हल्लीच्या पोरांचा. 'बाबा, आता सगळं मोबाईलवर दिसतं.' मी पाहिले. सरकारचे 'वाहन' नावाचे दप्तर आहे, आणि 'एम-परिवहन' या ॲपवर त्यातली माहिती मिळते. गाडीची नोंदणी कधीची, आताचा मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पी.यू.सी. कधीपर्यंत. ही माहिती सोन्यासारखी आहे आणि ती न बघता गाडी घेणारा माणूस माझ्याहूनही थोर म्हटला पाहिजे. बोजा दिसला तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पैसे सोडू नयेत. ई-चलने किती थकली आहेत तेही दिसते. चॅसिस नंबरची सतरा अक्षरे आर.सी. बुकावर आणि गाडीवर तीच आहेत ना, हे चष्मा लावून ताडून पाहावे. पण माझ्या गाडीची आर.सी. या सगळ्यात उत्तीर्ण होती. पहिला मालक, बोजा नाही, विमा चालू. कारण त्या बुकात गाडी कोणाच्या नावावर होती ते असते. ती किती किलोमीटर चालली, कुठे आपटली आणि कोणत्या नदीत आंघोळ करून आली, यासाठी त्यात रकानाच नाही.

तो रकाना दुसरीकडे असतो. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरात गाडीच्या प्रत्येक भेटीची नोंद असते. तारीख, किलोमीटर, काय बदलले. विकणाऱ्याने मागितली तर त्याला ती सहसा मिळते. मी ती नंतर डॉक्टरांकडून मागवली. त्यांनी दुसऱ्या दिवशी पाठवली! ऑगस्ट २०१९ च्या खाली पानभर यादी होती, मॅटपासून मीटरपर्यंत. ते पान मिळवायला मला एक फोन आणि एक वाक्य लागले. पण मी ते वाक्य पोह्यांच्या आधी बोलायला हवे होते.

तिसरा आक्षेप मेहुणे-संप्रदायाचा. 'मेकॅनिकला दाखवली की झालं.' दाखवा. पण आपल्या मेकॅनिकला दाखवा. विकणाऱ्याचा मेकॅनिक म्हणजे मुलीच्या मामाने दिलेले चालचलणुकीचे सर्टिफिकेट. आणि मेकॅनिक मिळालाच नाही, तरी गाडी स्वतः बोलते, फक्त तिला विचारले पाहिजे. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. अकरा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील तर त्या टायरांनी काय खाल्ले, हे विचारावे. काचांवर कारखान्याच्या खुणा असतात. पाच काचा एका वयाच्या आणि सहावी धाकटी निघाली, तर थोरलीचे काय झाले? ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि मीटर मात्र बाळसे दाखवत असेल, तर दोघांपैकी एक जण खोटे बोलतो आहे, आणि रबराला खोटे बोलता येत नाही. पत्र्यावर लोहचुंबक फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्यावर लांबी भरलेली असते. आणि पट्टा शेवटपर्यंत ओढावा. हे सगळे करायला अर्धा तास लागतो. पोहे खायला मला तेवढाच लागला होता.

'एवढं काय बिघडतं?' असा एक चौथा आक्षेप असतो. दोन गोष्टी बिघडतात. एक, ती हिरव्या पिनांची डबी. तिच्याबद्दल मी पुन्हा बोलणार नाही. दुसरी गोष्ट मेहुण्यांच्या पिशवीत पडलेल्या फॉर्मची. आपण कोऱ्या चेकवर सही करत नाही, पण कोऱ्या २९-३० वर मात्र लग्नाच्या रजिस्टरवर करावी तशी आनंदाने करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५० वे कलम म्हणते, की गाडी विकली तर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे. न कळवल्यास काय होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. एक गाडी २००७ मध्ये विकली गेली. मग या हातातून त्या हातात गेली. २००९ मध्ये तिने एका मुलाचा जीव घेतला. सरकारदरबारी नाव मात्र पहिल्या विकणाऱ्याचेच राहिले होते. न्यायालय म्हणाले, नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक, भरपाई त्याने द्यायची. त्या माणसाने गाडी विकून दोन वर्षे झाली होती! आमच्या पिशवीतल्या त्या तीन महिन्यांत मी खंबाटकीत कोणाला धडक दिली असती, तर नोटीस सांगलीत पोहे करणाऱ्या घरी गेली असती. म्हणजे आपली भीड आपल्यालाच भोवते असे नाही. ती ज्याच्याबद्दल वाटते, त्याच्याच गळ्यात पडते.

सरकारशीही माझे थोडे भांडण आहे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने नियम बदलले आणि जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकारपत्राची अट घातली. ताब्यातली गाडी कोणी, कशासाठी, किती किलोमीटर फिरवली, याची नोंद ठेवा म्हणून सांगितले. १ एप्रिल २०२३ पासून हे लागू झाले. उत्तम! पण डॉक्टर, मेहुणे आणि मी असा जो घरगुती व्यापार चालतो, त्याला हे लागू नाही. बेल्जियमसारख्या चिमुकल्या देशात २००६ पासून कायदा आहे, की जुनी गाडी विकताना तिच्या मीटरच्या आजवरच्या सगळ्या नोंदींचा कागद द्यायचाच. प्रत्येक गॅरेजने त्या नोंदी कळवायच्या असतात. इंग्लंडात गाडीचा नंबर टाकला की वर्षावर्षाच्या तपासणीतले किलोमीटर, म्हणजे त्यांचे मैल, कोणालाही फुकट बघता येतात. अमेरिकेत मीटर मागे फिरवणे १९७२ पासून गुन्हा आहे, आणि तिथल्या अनेक राज्यांत बुडालेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावरच तसा शिक्का मारतात. आपण दर वर्षी विमा उतरवतो, दर वर्षी पी.यू.सी. काढतो. त्या वेळी मीटरवरचा आकडा 'वाहन'च्या दप्तरात लिहायला किती शाई लागेल? विमा कंपनीने पुराचा दावा मंजूर केला, की आर.सी.वर 'पूर २०१९' एवढे उमटवायला काय हरकत आहे? तसा शिक्का असता तर मला विचारावे लागले नसते, आणि डॉक्टरांना 'विचारलं नाहीत' असे म्हणावे लागले नसते. भिडस्त लोकांच्या देशात कागदानेच निर्भीड व्हायला हवे.

एअरबॅगची डबी मी बदलली. वायरिंग बदलले. गाडी माझ्या नावावर केली. २०२३ च्या दिवाळीनंतर ती विकायला काढली, आणि या गोष्टीची दुसरी बाजू मला दिसली.

बघायला एक मुलगी आली, बँकेत नोकरी करणारी. बरोबर वडील. हातात वही, आणि फ्रीजवरून काढून आणलेला गणपतीचा लोहचुंबक. सौ.ने पोह्यांचे विचारले. "नको काकू, आधी गाडी बघू दे," ती म्हणाली. मला हा उद्धटपणा वाटला. एवढा सगळा अनुभव घेतलेल्या मला! गणपती दारादारांवरून फिरत मागच्या डाव्या दारावर आला आणि घसरून खाली पडला. "इथं काय झालं होतं?" तिने विचारले. "सोसायटीचं गेट," मी म्हणालो. माझे कान तापले होते. वडील माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "मनावर घेऊ नका हं. आम्ही अशी माणसं नव्हे."

हेच ते! मुलगी स्वतःच्या पैशाची काळजी घेत होती आणि बाप त्याबद्दल माझी माफी मागत होता. गेटला धडक मी दिली होती, आणि लाज मात्र त्यांना वाटत होती.

मग तिने वहीत बघून विचारले, "काका, गाडी कधी पाण्यात गेली होती का?"

खरे सांगतो, त्या क्षणी माझ्या जिभेवर एक उत्तर आले होते. 'पुण्याच्या पावसात कोण जात नाही?' ते खोटे नव्हते. विनोदीही होते. वडील नक्की हसले असते आणि विषय संपला असता. डॉक्टरांनी मला फसवले नाही याचे श्रेय मी त्यांना दिले होते. पण ते किती सोपे होते, हे मला तेव्हा कळले. मी आत जाऊन सर्व्हिसची ती पानभर यादी आणून तिच्या हातात दिली. तिने ती उभ्या उभ्या वाचली, माझे आभार मानले, आणि गाडी घेतली नाही. जाताना पोहे मात्र खाल्ले.

नंतर मी जाहिरात बदलली. स्पष्ट लिहिले: '२०१६ ची गाडी. २०१९ च्या पुरात बुडालेली. दुरुस्त केलेली. मीटर बदललेले, खरे रनिंग मीटरपेक्षा ४६,००० ने जास्त. सर्व कागद पाहायला मिळतील. पहिले मालक डॉक्टर.'

दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. "ते डॉक्टर एम.बी.बी.एस. का?"

"हो," मी म्हणालो.

"मग प्रश्नच मिटला! संध्याकाळी पैसे घेऊनच येतो."

"अहो, पण पुराचं वाचलंत ना?"

"वाचलं हो. पण डॉक्टरांची गाडी म्हटल्यावर काय बघायचं?"

संध्याकाळी ते आले. सौ. पोहे भिजवायला निघाली होती, तिला मी स्वयंपाकघराच्या दारातच अडवले. त्यांना आधी गाडीत बसवले, हातात सीटचा पट्टा दिला आणि म्हटले, "ओढा. शेवटपर्यंत."